बीटलचा पंखा बदलायचाय? गोव्यातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमकी कोणत्या गाडीसाठी आहे?

फोक्सवॅगन बीटलसाठी. म्हणजे मागे इंजिन, चार आडवे सिलिंडर, रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन थंड होतं ते पंख्याच्या हवेने. पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी गाड्या येत होत्या, त्यातल्या काही बीटल अजून म्हापसा, फोंडा, मडगावच्या घरांतून टिकून आहेत. काही नंतर मुंबई-बेळगावहून आल्या. इंजिन १२०० असो, १३०० असो की १६००, पंख्याची रचना तीच. तशीच हवेवर थंड होणारी जुनी फियाट ५००, पोर्शे ९११ किंवा सिट्रोएन २ सीव्ही असेल तर शेवटचा प्रश्न पाहा.

पंखा असतो कुठे? मला तर दिसतच नाही.

डिकीचं झाकण उघडलं की मधोमध डायनामो दिसतो, त्याच्या मागे अर्धगोल पत्र्याची मोठी पेटी. तिला श्राउड म्हणतात. पंखा त्या पेटीच्या पोटात, डायनामोच्याच शाफ्टवर बसलेला असतो. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून एक बेल्ट डायनामोची पुली फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला पंखा. म्हणजे एका बेल्टवर दोन संसार: विजेचा आणि थंडाव्याचा.

क्रँकच्या पावणेदोनपट ते दुप्पट वेगाने हा पंखा फिरतो. इंजिन ४००० आरपीएमवर असेल तर पंखा ७००० च्या वर असतो. त्या वेगाला तो सेकंदाला ५०० लिटरच्या आसपास हवा ओढतो आणि सिलिंडरच्या बारीक पाकळ्यांमधून खाली ढकलतो. हवा ओढून घेण्याचं भोक श्राउडच्या पुढच्या अंगाला, म्हणजे मागच्या सीटकडच्या बाजूला असतं. तिथे विसरलेलं एखादं फडकं थेट आत खेचलं जातं, म्हणून काम झाल्यावर फडकी मोजून बाहेर काढायची.

पंखा खराब झालाय हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टींवरून. पहिली, आवाज. पत्रा घासल्यासारखी खरखर आली आणि आरपीएमबरोबर चढली, तर पंखा पाठपत्र्याला (पंखा आणि डायनामो यांच्या मधल्या पत्र्याला) किंवा श्राउडला टेकतोय. दुसरी, ठोका. पंख्याचा नट सैल झाला की ‘टक टक’ असा आवाज येतो आणि तो हुबेहूब बेअरिंग गेल्यासारखा वाटतो. यापायी लोकांनी अख्खी इंजिनं उघडली आहेत. तिसरी, थरथर. पंख्याचा तोल गेला की डायनामो पट्ट्यात थरथरायला लागतो आणि मग त्याची बेअरिंग जातात.

खात्री करायची सोपी रीत आहे. थंड इंजिनावर बेल्ट उतरवा, इंजिन चालू करा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बंद करा. आवाज गायब झाला तर दोष पंख्यात किंवा डायनामोत. आवाज तसाच राहिला तर इंजिनात. बेल्टशिवाय याहून जास्त वेळ इंजिन चालवायचं नाही, कारण तेव्हा थंड करणारं काहीही उरलेलं नसतं.

बेल्ट उतरवलेलाच आहे तर डायनामोची पुली हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. खेळ जाणवला तर नुसता पंखा बदलून काम भागणार नाही. झिजलेल्या बेअरिंगवर नवा पंखा चढवला की तोही पाठपत्र्याला घासणार.

तडा कुठे पडतो?

मधोमध. हा पंखा दाबलेल्या पत्र्याचा असतो. मधली जाड चकती आणि पात्यांचा पत्रा जिथे जोडलेले असतात, तिथे दोन पत्र्यांच्या फटीत ओल बसते. किनारपट्टीवरच्या गाडीत ती ओल खारी असते. पंखा बाहेर काढून हातात धरा, ऊन किंवा टॉर्च पाठीमागून घ्या. मधल्या भोकाभोवती तांबूस भुकटीची केसाएवढी रेघ दिसली, तर ती नुसती गंजाची रेघ समजू नका. अंगठ्याने दाबून सोडलं की त्या रेघेतून पुन्हा भुकटी येते. म्हणजे आत पत्रे एकमेकांवर हलताहेत. तो पंखा कामातून गेला.

वेल्डिंग करून चालवता येईल का?

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून नको. ७००० आरपीएमला फिरणाऱ्या वस्तूवर एका बाजूला वेल्डिंगचा थेंब जास्त पडला तरी तोल बिघडतो. आणि तोल बघायला यंत्र लागतं, नजर पुरत नाही. वेल्ड करून बॅलन्स केलेले पंखे तयार मिळतात, शर्यतीवाले तेच वापरतात. तुमचा पंखा शाबूत असेल आणि फक्त वरवर गंजला असेल, तर गंज घासून पातळ, सारखा रंग द्या. एका पात्यावर रंगाचे ओघळ आणि दुसऱ्यावर नुसता हात फिरवलेला, असं नको. वाकलेलं पातं हातोडीने ठोकून सरळ करण्याचा मोह टाळा.

बेल्टची कटकटच नको. इलेक्ट्रिक पंखा लावला तर?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि माझं उत्तर बदलत नाही: नको.

कल्पना ऐकायला झकास आहे. बेल्ट तुटण्याची भीती नाही, इंजिनावरचा भार कमी, बटण दाबलं की हवा. पण हिशेब मांडून बघा. अर्धा घनमीटर हवा दर सेकंदाला नुसती हलवायची नसते, पाकळ्यांच्या अरुंद फटींतून दाबाने ढकलायची असते. चढत्या आरपीएमला मूळ पंखा यासाठी इंजिनाची काही हॉर्सपॉवर खातो. आपण कमीत कमी धरू, दोनच हॉर्सपॉवर. म्हणजे दीड हजार वॅट. बारा व्होल्टवर ते होतात १२५ अँपिअर. तुमच्या गाडीतला बारा व्होल्टचा डायनामो देतो ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट, आणि त्यात दिवे, वायपर, इग्निशन सगळं आलं. जुन्या सहा व्होल्टच्या डायनामोची तर गोष्टच सोडा, तो १८० वॅटच्या आसपासचा.

मग गराजवाले लावतात काय? मारुतीच्या रेडिएटरचा पंखा. तो बिचारा पातळ रेडिएटरमधून हवा ओढायला बनवलेला. त्याला पुरेसा दाब निर्माण करता येत नाही. समोर हात धरला तर वारा लागतो, म्हणून मालक खूश. पण श्राउडच्या आत, पाकळ्यांच्या तोंडाशी तो गुदमरतो. म्हापशाच्या एका जुन्या मेस्त्रीकडे एक मालक असाच पंखा घेऊन गेला होता. मेस्त्रीने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “पात्रांव, हा खोलीत लावा, झोप चांगली लागेल.”

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. इंजिनावर चालणारा पंखा इंजिनाबरोबरच धावतो. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वेगाच्या वर्गाने आणि लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग निम्मा झाला की पंखा फक्त आठवा हिस्सा शक्ती खातो. सिग्नलला उभ्या गाडीत तो जवळजवळ फुकट चालतो, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जीव तोडून हवा देतो. कुठला सेन्सर नाही, रिले नाही, फ्यूज नाही. ही जुळणी १९३० च्या दशकात आखली गेली आणि २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल निघेपर्यंत टिकली. दोन कोटी पंधरा लाख गाड्या त्यावर चालल्या, सहारा वाळवंटातही आणि ब्राझीलच्या उकाड्यातही. पणजीचा मे महिना त्यापुढे काही विशेष नाही.

पण पर्वरीच्या कोंडीत गाडी तापते, त्याचं काय?

उभ्या गाडीत पंखा हळू फिरतो हे खरं, पण इंजिनही तेव्हा उष्णता कमी निर्माण करतं. चांगल्या स्थितीतली बीटल कोंडीत तापत नाही. तापत असेल तर पंख्याला दोष देण्याआधी इंजिनाभोवतीचे पत्रे, रबराची कड, इग्निशनचा टायमिंग आणि कार्बोरेटर बघा. पंखा बदलूनही फरक पडला नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या चारांत सापडतं.

खरी परीक्षा चोर्ला आणि अनमोड घाटात होते, आणि तिथे चूक बहुधा चालवणाऱ्याची असते. चढावर तिसरा-चौथा गिअर ओढत, इंजिन घुरघुरत ठेवणं म्हणजे जास्त उष्णता आणि कमी हवा. गिअर खाली टाका, आरपीएम वर येऊ द्या. आवाज वाढतो म्हणून घाबरू नका, तो आवाज निम्मा पंख्याचाच आहे.

कोणता पंखा मागवू?

आधी श्राउड कोणता आहे ते बघा. १९७० पर्यंतच्या गाड्यांत ऑइल कूलर (तेल थंड करणारी जाळी) श्राउडच्या आतच उभा असतो आणि पंखा अरुंद असतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलरला मागे स्वतंत्र घर मिळालं, त्याला ‘डॉगहाउस’ म्हणतात, आणि हवा वाढवण्यासाठी पंखा रुंद केला. रुंद पंखा जुन्या श्राउडमध्ये घासतो. अरुंद पंखा डॉगहाउसमध्ये बसतो, फिरतो, आणि गुपचूप हवा कमी देतो. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती आवाज करत नाही. आपल्याकडच्या गाड्यांत साठ वर्षांत कुणी काय बदललंय याचा भरवसा नाही, तेव्हा वर्षावर जाऊ नका. जुना पंखा बाहेर काढा, रुंदी मोजा, श्राउड बघा, मग ऑर्डर द्या.

जमत असेल तर संपूर्ण डॉगहाउस बसवून घ्या. जुन्या रचनेत कूलर डाव्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरच्या, म्हणजे तीन नंबरच्या, हवेच्या वाटेत येतो. म्हणून जुन्या इंजिनांत तीन नंबर नेहमी जास्त तापतो. श्राउड, पंखा, कूलर आणि त्याचे पत्रे असा जोड एकत्र घ्यावा लागतो, सुटा एकेक भाग घेऊन जमत नाही.

आणखी एक: बाजारात चकाचक क्रोमचे स्वस्त श्राउड मिळतात. त्यांतल्या काहींच्या पोटात हवा वळवणारे पत्रेच नसतात. हवा मग वाट फुटेल तिकडे जाते. जुना गंजका मूळ श्राउड साफ करून रंगवलेला केव्हाही बरा.

इंजिन खाली उतरवावं लागतं का?

नाही. पण उतरवलेलं असेल तर काम निम्म्या वेळात होतं. क्लचचं काम येऊ घातलं असेल तर दोन्ही एकदम करा.

काम करायचं कसं? पायरीपायरीने सांगा.

हत्यारं आधी जमवा: ३६ मिमीचा सॉकेट आणि लांब दांडा, डायनामोच्या पुलीसाठी २१, बाकी बहुतेक १० आणि १३, मोठा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क पान्हा. ३६ चा सॉकेट विकतच घ्या. मागच्या चाकांच्या एक्सलचा नटही त्याच मापाचा आहे, तो वाया जात नाही.

मागच्या सीटखाली, उजवीकडे बॅटरी आहे. तिची निगेटिव्ह वायर काढा. एअर क्लीनर काढा. पेट्रोलचा पाइप काढताना त्याच्या तोंडात एखादा बोल्ट घट्ट बसवा, नाहीतर पुढच्या टाकीतून पेट्रोल झिरपत राहतं. मग कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल श्राउडच्या आरपार एका नळीतून येते, ती पुढच्या बाजूने सोडवून ठेवा. ही नळी हरवली की केबल पंख्याला लागू शकते.

बेल्ट काढायला पुलीच्या आतल्या अर्ध्या भागावर एक खाच असते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून डायनामोच्या वरच्या बोल्टवर टेकवला की पुली फिरत नाही, मग २१ चा नट सुटतो. पुलीच्या दोन अर्ध्यांमधले आणि बाहेरचे शिम (पातळ चकत्या) एकत्र तारेत ओवून ठेवा.

डायनामोच्या वायरींचा फोटो काढा, मग त्या सोडा. डायनामोला स्टँडवर धरून ठेवणारा पट्टा सोडा. श्राउडच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू, हीटरचे पाइप, आणि उजव्या बाजूने खाली जाणारी थर्मोस्टॅटची सळई सोडा. ती सळई विसरून श्राउड ओढला की ती वाकते, आणि वाकलेली सळई नंतर श्राउडमधल्या हवेच्या झडपा अर्धवट उघड्या ठेवते. आता पंख्याच्या पाठपत्र्याचे चार बोल्ट. वरचे दोन सहज येतात, खालच्या दोनांसाठी श्राउड काही सेंटिमीटर वर उचलावा लागतो. उचलताना दुसरा माणूस हवाच. मग डायनामो पंख्यासकट मागे ओढून बाहेर काढा.

पंख्याचा नट साधा आट्याचा आहे, उलट नाही. तरी वर्षानुवर्षांच्या गंजाने तो हटून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पंख्याची पाती शिकंजात धरू नका, दुसऱ्या टोकाची पुली जुन्या बेल्टचा फास देऊन धरा. हवेच्या दाबावरची इम्पॅक्ट गन असेल तर दोन सेकंदांचं काम आहे, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ती सापडेल.

नवा पंखा चढवताना शाफ्टवरची अर्धचंद्राकृती चावी तपासा. ती झिजली असेल तर नवी घ्या, दहा रुपयांच्या वस्तूपायी शाफ्ट खराब करू नका. नट ६० न्यूटन-मीटरच्या आसपास कसा. पाठपत्र्यावर डायनामोला हवा मिळावी म्हणून एक लांबट फट ठेवलेली आहे, ती खाली तोंड करून आली पाहिजे. उलट बसवली तर डायनामो तापतो, आणि ते समजायला सहा महिने लागतात.

पंखा आणि पाठपत्र्यातली फट किती?

२ मिमी. हब (शाफ्टवरची पंख्याची बैठक) आणि पंख्याच्या मधे शिम घालून ती जमवायची. उरलेले शिम फेकू नका, पंखा आणि नटाखालच्या वॉशरच्या मधे घाला, म्हणजे नटाची बैठक बदलत नाही. जमवल्यावर पंखा हाताने पूर्ण फिरवून चारही बाजूंना फट बघा. एकीकडे २ आणि दुसरीकडे १ असेल तर पंखा वाकडा आहे किंवा पाठपत्रा. नव्या पंख्यातही हे आढळतं, तेव्हा बसवण्याआधीच बघा आणि तसाच परत करा.

श्राउड उघडलाच आहे, तर आणखी काय बघू?

इथेच खरा फायदा आहे. श्राउड रोज उघडत नाही, आणि नव्या पंख्याची निम्मी मेहनत आतल्या कचऱ्यावर वाया जाते.

भाटात (नारळीच्या बागेत) किंवा शेडमध्ये पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराचं घरटं हमखास मिळतं. नारळाची किशी, कापूस, सीटमधला काथ्या, सगळं सिलिंडरच्या पाकळ्यांवर व्यवस्थित अंथरलेलं. कुणी विचारलं गाडी का तापते, तर ही गादी दाखवायची. पाकळ्यांमध्ये तेल आणि लाल माती यांचं कालवण सुकून विटेसारखं झालेलं असेल, ते लाकडी काडीने आणि केरोसीनने काढा. तारेच्या ब्रशने घाईघाईत घासलं तर ते पाकळ्यांत आणखी घट्ट बसतं.

ऑइल कूलरच्या फटी हवेने साफ करा आणि त्याखालची रबरी सील बदला. हे काम नंतर काढलं तर पुन्हा हाच सगळा खटाटोप. श्राउडच्या आतले हवा वळवणारे पत्रे सुटलेले नाहीत ना, ते हलवून बघा. सिलिंडरखालचे वळणाचे पत्रे जागेवर आहेत का तेही बघा. ते बऱ्याच गाड्यांत नसतात. कुणीतरी ‘हे बिनकामाचं दिसतंय’ म्हणून कधीकाळी काढून टाकलेले असतात, आणि मग हवा सिलिंडरला वळसा न घालता सरळ खाली निघून जाते.

शेवटी इंजिनाभोवतीची रबराची कड. वर थंड हवेची खोली, खाली गरम हवेची. दोन्हींत पडदा म्हणजे ते पत्रे आणि ही कड. कड फाटली की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा आत ढकलतो. आपल्या हवेत रबर लवकर तडकतं. पंख्याच्या ऑर्डरबरोबरच कड मागवा, म्हणजे पाठवणावळ एकदाच पडते.

गोव्यात हीटर कशाला, म्हणून तो काढलाय. चालेल ना?

हीटर काढलेला चालेल, पण श्राउडच्या दोन्ही बाजूंना हीटरसाठी हवेची दोन तोंडं आहेत, ती बंद केली पाहिजेत. उघडी राहिली तर पंख्याची बरीच हवा सिलिंडरवर न जाता डिकीत फुकट वाहते. पत्र्याची किंवा रबराची टोपी बसवा आणि क्लॅम्प लावा. आपल्याकडच्या गाड्यांत माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच आहे, आणि सगळ्यात स्वस्तात सुटणाराही.

थर्मोस्टॅटही काढून टाकू का?

इंजिन गरम झाल्यावर, ६५ ते ७० अंशांच्या आसपास, तो श्राउडमधल्या झडपा पूर्ण उघडतो. गोव्यात तो नसला तरी इंजिन मरत नाही. पण पावसाळ्यात घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्या असतील, तर इंजिन नीट गरम होत नाही, तेलातली ओल उडत नाही आणि तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस जमतो. चालू असेल तर राहू द्या. झडपा मात्र काढू नका, त्या हवेला दिशाही देतात.

बेल्ट किती ताठ हवा?

दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १५ मिमी दबला पाहिजे. पुलीच्या दोन अर्ध्यांमधले शिम कमी केले की बेल्ट ताठ होतो, वाढवले की सैल. काढलेले शिम बाहेरच्या अंगाला नटाखाली ठेवायचे. फार ताठ बेल्टने डायनामोची बेअरिंग जातात, सैल बेल्ट घसरतो. नवा बेल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर थोडा ताणला जातो, तेव्हा पुन्हा बघा.

छोट्या क्रँक पुलीने ताकद वाढते म्हणतात.

वाढते थोडी, कारण पंखा हळू फिरतो. म्हणजे थंडावा विकून ताकद घ्यायची. आपल्या उकाड्यात हा सौदा करू नका.

चालवताना लाल दिवा लागला तर?

डायनामोचा लाल दिवा म्हणजे नुसतं ‘चार्जिंग नाही’ असं इतर गाड्यांत समजतात. बीटलमध्ये त्याचा पहिला अर्थ बेल्ट गेला, म्हणजे पंखा थांबला. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हे चालत नाही. जागेवर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बेल्ट शाबूत असेल तर दोष विजेचा, आणि जवळच्या ठिकाणापर्यंत सावकाश जाता येईल. बेल्ट तुटला असेल तर इंजिन थंड होऊ द्या आणि नवा चढवा. गाडीत एक जादा बेल्ट, २१ चा पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर कायम असू द्या. घरी एकदा बेल्ट बदलायचा सराव करून ठेवा. अनमोडच्या वळणावर, पावसात, टॉर्च तोंडात धरून पहिल्यांदा शिकणं त्रासाचं होतं.

पंखा बदलूनही तेल तापतंच आहे.

या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर, आणि थंडाव्याचा मोठा वाटा तेच उचलतं. तेलाचा काटा १२० अंशांच्या पुढे रेंगाळत असेल तर इग्निशनचा टायमिंग, कार्बोरेटरचं मिश्रण पातळ झालंय का, आणि व्हॉल्व्हची फट तपासा. ती थंड इंजिनावर ०.१५ मिमी. ब्रेक धरून राहिलेत का तेही बघा. किनारी गावांत उभ्या गाडीचे ब्रेक खाऱ्या हवेने अडकतात, आणि इंजिन बिचारं ते ओढत बसतं.

विंटेज नोंदणीवर पंखा बदलल्याचा परिणाम होतो का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. तसाच पंखा बसवणं ही देखभाल झाली. श्राउड कापून, वायरिंग बदलून इलेक्ट्रिक पंखे लावले तर तपासणीत प्रश्न येऊ शकतो. ही नोंदणी रोज बाजारात जायला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यापुरती आहे, हे घेण्याआधी ध्यानात घ्या.

माझी गाडी बीटल नाही. मग?

फियाट ५०० मध्येही पंखा डायनामोच्या शाफ्टवरच असतो, त्यामुळे बेल्ट आणि लाल दिव्याबद्दल वर लिहिलेलं तिला तसंच लागू. सिट्रोएन २ सीव्हीत पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो, बेल्ट तुटून पंखा थांबण्याचा प्रश्नच नाही. फोक्सवॅगनच्याच टाइप ३ मध्ये तीच सोय आहे. पोर्शे ९११ ला पंखा आणि अल्टरनेटर एकाच जागी असतात आणि पूर्वी दोन्ही एका बेल्टवर चालत. १९८९ च्या ९६४ या मॉडेलपासून दोघांना वेगळे बेल्ट मिळाले. तिचा पंखा हलक्या धातूचा आहे आणि त्याला पाडून, ठोकून, घासून काही करायचं नसतं. तो काढायचा असेल तर त्या गाडीवर हात बसलेल्या माणसाकडेच जा, मग त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी.